जुनी स्पोर्ट्‌स कार घेताना: कोणती जोखीम परवडते, कोणती नाही

जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यायचं मनात आलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "हे मॉडेल भरवशाचं आहे का?" प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या उत्तराने फारसं काम होत नाही. एकाच वर्षी एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्या वीस वर्षांनी सख्ख्या बहिणी वाटत नाहीत. एकीचं ऑइल दरवर्षी वेळेवर बदललेलं असतं आणि इंजिन गरम झाल्याशिवाय तिला कुणी ताणलेलं नसतं. दुसरी पाच हातांतून फिरलेली असते आणि प्रत्येकाने तिचं मोठं काम पुढच्या मालकावर ढकललेलं असतं.

म्हणून मी प्रश्न असा विचारतो: या गाडीत काय बिघडू शकतं, बिघडण्याआधी ती काही सांगेल का, आणि तो भाग गेलाच तर एकटा जाईल की सोबत इंजिनही घेऊन जाईल? पुढची सगळी तपासणी आणि सगळा हिशोब या प्रश्नावरच उभा आहे.

१. किमतीआधी खर्चाचा अंदाज

गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. नवी असताना साध्या गाडीच्या पाचपट भावाने विकलेली गाडी आज साध्या नव्या गाडीच्या भावात मिळत असेल, पण तिचा क्लच, तिचे शॉक ॲब्सॉर्बर आणि तिचे ब्रेक अजूनही त्या पाचपट महाग गाडीचेच आहेत. ब्रेकला कार्बन-सिरॅमिक डिस्क असतील तर चारही डिस्कचा भाव गाडी बघायला जाण्याआधी काढून ठेवा. आकडा बघून अनेकजण लोखंडी डिस्कची गाडी शोधायला लागतात, आणि रोजच्या वापरासाठी मला तो निर्णय योग्यच वाटतो.

मी स्वतः गाडीच्या किमतीच्या निदान १५ ते २० टक्के रक्कम बाजूला काढल्याशिवाय व्यवहाराला हात घालत नाही. सगळं बजेट खरेदीतच संपणार असेल तर एक पायरी खालची, पण नीट सांभाळलेली गाडी घ्यावी. दमलेल्या महागड्या गाडीपेक्षा ती जास्त चालवली जाते.

२. मॉडेलची दुखणी शोधा आणि त्यांची वर्गवारी करा

प्रत्येक स्पोर्ट्‌स कारची काही ठरलेली दुखणी असतात. ती शोधणं सोपं आहे. अवघड आहे ते त्यांना योग्य वजन देणं, कारण ज्या दुखण्याची चर्चा सर्वाधिक तेच सर्वांत धोक्याचं असतं असं नाही.

आधी एकदम, न सांगता येणारे बिघाड बघा. पोर्शेच्या १९९६ नंतरच्या बॉक्स्टर आणि ९९६ पिढीच्या ९११ मध्ये इंटरमीडिएट शाफ्टच्या, म्हणजे टायमिंग चेन फिरवणाऱ्या आतल्या दांड्याच्या, टोकाला एक बॉल बेअरिंग आहे. ते तुटलं की टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारी साखळी) घसरते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन बसतं. आधी खूण मिळाली तर मिळते, बहुतेकदा मिळत नाही. पण इथे वर्षांना फार महत्त्व आहे. २००५ पर्यंतच्या बहुतेक इंजिनांत हे बेअरिंग गिअरबॉक्स उतरवून बदलता येतं. त्यानंतरच्या ९९७ पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांत ते आकाराने मोठं आणि जास्त टिकाऊ आहे, पण इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय बाहेर निघत नाही. २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या इंजिनात तो शाफ्टच नाही. ९९६ च्याच टर्बो आणि जीटी३ मध्ये वेगळ्या घडणीचं इंजिन असल्यामुळे तिथेही हा प्रश्न येत नाही. म्हणजे "जुन्या ९११ ची इंजिनं जातात" हे सरसकट वाक्य निरुपयोगी ठरतं. कोणतं वर्ष, कोणतं इंजिन आणि बेअरिंग बदलल्याचं बिल आहे का, एवढं कळलं तर निर्णय घेता येतो.

याच जातीचं दुखणं बीएमडब्ल्यू एम३ च्या व्ही८ पिढीचं, म्हणजे २००७ ते २०१३ मधल्या गाड्यांचं. त्यांच्या कनेक्टिंग रॉडची, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी (इंजिनाच्या मुख्य दांड्याशी) जोडणाऱ्या दांड्यांची, बेअरिंग अपेक्षेपेक्षा लवकर झिजतात. खालून आवाज यायला लागेपर्यंत बरेचदा क्रँकशाफ्टला इजा झालेली असते. दिलासा एवढाच की इंजिन गाडीत ठेवून, खालून ऑइल पॅन काढून ही बेअरिंग आधीच बदलता येतात. कॉर्व्हेट झेड०६ च्या २००६ ते २०१३ मधल्या सात लिटर इंजिनात व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यात सरकतात त्या नळ्या, झिजतात. व्हॉल्व्ह डगमगू लागतो, आणि त्याचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडलं तर वाचवण्यासारखं फार काही उरत नाही. तिथे सिलिंडर हेड काढून काम झालंय का, हा पहिला प्रश्न असतो.

दुसऱ्या टोकाला हळूहळू येणारे, आधी सांगून येणारे बिघाड आहेत. माझदा आरएक्स-८ चं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणारं) अनेकांना भीती घालतं. रोटरच्या टोकांवरची सील झिजली की कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनात हवा दाबली जाण्याचा जोर, पडतं हे खरं आहे, पण ते मोजता येतं. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करताना स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागला, तर गाडीने स्वतःच उत्तर दिलं असं समजा. रोटरीचं कॉम्प्रेशन मात्र त्या इंजिनासाठीच बनवलेल्या यंत्रावर मोजलेलं हवं. आणि ही गाडी ऑइल खाते ती बिघाड म्हणून खात नाही. सील ओली राहावीत म्हणून थोडं ऑइल मुद्दामच आत सोडलं जातं. मालकाला हे माहीत नसेल आणि तो ऑइलची पातळी कधी बघतच नसेल, तर त्या गाडीपासून चार हात लांब राहा.

होंडा एस२००० च्या टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) थकला की खडखड करतो. ऐकू येतो, बदलता येतो, विषय संपतो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत, उदाहरणार्थ ऑडी आर८ च्या ४.२ लिटर व्ही८ मध्ये, हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही. ते धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळी बसते. गाडी उचलेनाशी होते, साफसफाई केली की पुन्हा ताजी होते. बिलं येतात, पण रस्त्यात मोडून पडायची वेळ येत नाही.

तिसरा गट सांगाड्याचा, आणि माझ्या अनुभवात लोक यालाच सर्वांत कमी घाबरतात. हे चुकीचं आहे. बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीच्या एम३ मध्ये मागची सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी चौकट) जिथे बसते तिथला पत्रा तडकतो. तिथे वेल्डिंग करून पट्ट्या बसवल्या आहेत का, हे खालून बघावं लागतं. लोटस एलिसची चेसिस ॲल्युमिनियमचे भाग चिकटवून बनवलेली आहे. अपघातात ती वाकली तर ठोकून सरळ करणं हा मार्गच नाही, सहसा ती आख्खी बदलावी लागते. माझदा एमएक्स-५ चं इंजिन दणकट, पण सुरुवातीच्या पिढ्यांचे दाराखालचे पत्रे आणि मागच्या चाकांवरच्या कमानी गंजतात. इंजिन विकत मिळतं, गंजलेला सांगाडा मात्र दुरुस्त करता करता माणूस थकतो.

चौथा प्रकार बिघाडाचा नाहीच, तो ठरलेल्या कामाचा आहे. फेरारी एफ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं. तिच्या पुढच्या ३६० या मॉडेलमध्ये बेल्टच आहे, पण इंजिन न उतरवता काम होतं. २००४ मध्ये आलेल्या एफ४३० मध्ये चेन आहे. बेल्ट किलोमीटरवर जितका झिजतो तितकाच वयानेही म्हातारा होतो, त्यामुळे "गाडी चाललीच नाही, बेल्ट कशाला बदलायचा" हे विक्रेत्याचं म्हणणं मान्य करू नका.

३. कागद वाचा, तोही तारखांच्या क्रमाने

सर्व्हिस बुकातले शिक्के कमी कामाचे, बिलं जास्त कामाची. बिलावर तारीख, किलोमीटर आणि बदललेल्या पार्टची नावं असतात. सगळी बिलं तारखेनुसार लावा आणि शेजारी किलोमीटर लिहा. आकडा कुठे मागे गेला, तर मीटर फिरवलाय. तीन वर्षं एकही बिल नसेल तर त्या काळात गाडी उभी होती का, आणि कशी उभी होती, ते विचारा. ऑइल किती किलोमीटरवर बदललं जात होतं? कंपनीने दिलेल्या कमाल अंतरापेक्षा बरंच लवकर बदलणारा मालक मला नेहमी आवडतो.

गाडीचा १७ अक्षरी ओळख क्रमांक चेसिसवर, काचेखाली आणि कागदांवर एकच आहे का, हेही याच वेळी बघा. आणि एक जास्तीचा प्रश्न विचारा: "पुढचं मोठं काम कोणतं येतंय?" गाडीवर जीव असलेला मालक लगेच सांगतो, क्लच अर्धा उरलाय, पुढच्या वर्षी बुश बदलावे लागतील. "काहीच करायचं नाही, फक्त चालवा" हे उत्तर कोणत्याही जुन्या स्पोर्ट्‌स कारबद्दल खरं नसतं.

४. गाडी थंड असताना बघा

भेटीची वेळ ठरवतानाच सांगा की इंजिन आधी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. मी एकदा एका गाडीवर अगदी मन बसलं असताना गेलो, तर बॉनेट कोमट. मालक म्हणाले, पेट्रोल भरायला गेलो होतो. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आलो. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद इंजिनाच्या मागच्या बाजूने साखळी आपटल्यासारखा आवाज आला आणि मग सगळं शांत. आदल्या दिवशी तो आवाज मला ऐकूच आला नसता. ती गाडी मी घेतली नाही, आणि अजूनही तिचा रंग आठवतो.

सुरू होताना सायलेन्सरकडे कुणालातरी उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही थांबत नाही असा पांढरा, गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पोर्शेच्या आडव्या सिलिंडरांच्या इंजिनांत सुरुवातीला क्षणभर निळा धूर येणं चालतं, पण तोच धूर चालत्या गाडीत आला तर चालत नाही. ऑइल फिलरचं झाकण उघडून खाली दुधासारखा थर आहे का बघा. थोड्या अंतराच्या चकरा मारणाऱ्या गाडीत तो निव्वळ ओलाव्याचाही असू शकतो, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नका.

टायर वाचायला दोन मिनिटं लागतात. बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच सुमाराचे आहेत का? भारी गाडीला वेगवेगळे स्वस्त टायर लावणाऱ्या मालकाने जिथे नजर जात नाही तिथे काय केलं असेल, याचा विचार करावासा वाटतो.

५. चालवून बघा, पण आधी ऑइल गरम होऊ द्या

कूलंटचा काटा काही मिनिटांत जागेवर येतो. ऑइल गरम व्हायला त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. तोपर्यंत हळू चालवा, आणि मालक स्वतः चालवत असेल तर तो काय करतो ते बघा. थंड इंजिन लाल रेषेपर्यंत (कमाल फेऱ्यांच्या खुणेपर्यंत) नेणाऱ्या माणसाकडून मी गाडी घेत नाही.

गरम झाल्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी रेव्हवर (इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर) ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. रेव्ह वाढले आणि वेग वाढला नाही तर क्लच घसरतोय. प्रत्येक गिअर वर चढताना आणि खाली उतरताना वापरा, विशेषतः दुसरा, कारण सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्या) सहसा तिथेच आधी झिजतात. गाडी डबल क्लचची (दोन क्लच असलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) असेल तर संथ गर्दीत ती गचके देते का आणि रिव्हर्सला उशीर लावते का, हे बघा. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकं धरा, गाडी एका बाजूला ओढत असेल तर कारण शोधा. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबा आणि आरशात धूर बघा. परत आल्यावर इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा.

६. तज्ज्ञाची तपासणी

हा खर्च वाचवू नका. साधं गॅरेज चालणार नाही. त्याच मॉडेलवर काम करणारा मेकॅनिक हवा, आणि तो विक्रेत्याचा नको. त्याला "गाडी बघा" असं सांगितलं तर तो गाडी बघेल. त्यापेक्षा तुम्ही काढलेल्या दुखण्यांची यादी हातात द्या आणि प्रत्येकाचं उत्तर मागा.

कॉम्प्रेशन टेस्टमध्ये आकडा किती यापेक्षा सगळे सिलिंडर एकसारखे आहेत का याला महत्त्व आहे. त्याहून बोलकी लीक-डाउन टेस्ट. सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती टक्के निसटते ते मोजतात. दहा टक्क्यांच्या आत असेल तर छान, वीसच्या वर गेलं तर कुठून निसटते ते ऐकावं लागतं: सायलेन्सरमधून तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल फिलरमधून तर पिस्टन रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे तर हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचं सील). ९९६-९९७ सारख्या गाड्यांत सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडतात, ते स्पार्क प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून बघता येतात. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत दिला तर त्यात शिसं आणि तांबं वाढलंय का ते कळतं (बेअरिंगची झीज), तसंच सोडियम-पोटॅशियमवरून कूलंट मिसळतंय का तेही. मात्र ऑइल नुकतंच बदललेलं असेल तर हा अहवाल जवळपास कोरा येतो.

संगणक जोडून दोन गोष्टी बघाव्यात. इंजिन स्वतःची जी तपासणी करतं तिचे टप्पे "अपूर्ण" दिसत असतील, तर कुणीतरी नुकतेच बिघाडाचे कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. आणि पोर्शेसारख्या गाड्यांत इंजिन कितीदा मर्यादेपलीकडे फिरलं याची नोंद राहते. मॅन्युअल गाडीत चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला तर फेऱ्या रोखणारा रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही, चाकंच इंजिनाला फिरवतात. सर्वांत जास्त फेऱ्यांच्या टप्प्यातली नोंद जितकी अलीकडची, तितकं जास्त सावध व्हावं.

रंगाची जाडी मोजणारं यंत्र फिरवा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते २०० मायक्रॉनच्या दरम्यान असतो. एखाद्या जागी अचानक कितीतरी पट आकडा आला तर खाली पुट्टी आहे. कॉर्व्हेट किंवा एलिसच्या फायबरच्या बॉडीवर हे नेहमीचं यंत्र चालत नाही, तिथे पॅनेलमधल्या फटी आणि चेसिसच बघावी लागते.

७. कमी चाललेल्या आणि बदल केलेल्या गाड्या

वीस वर्षांत वीस हजार किलोमीटर चाललेली गाडी ऐकायला स्वप्नासारखी वाटते. पण उभ्या गाडीची रबरी सील वाळतात, पेट्रोल शिळं होतं, ब्रेक फ्लुइड ओलावा शोषत राहतं. अशी गाडी नियमित चालवायला घेतली की पहिल्या वर्षात गळती एकामागून एक निघते. मला वर्षाला पाच-सात हजार किलोमीटर चाललेली आणि फाइलभर बिलं असलेली गाडी जास्त विश्वासाची वाटते.

बदलांबाबत माझा नियम साधा आहे. सस्पेन्शन आणि चाकं बदलली असतील, मूळ पार्ट सोबत मिळत असतील, तर हरकत नाही. टर्बो गाडीची ताकद वाढवण्यासाठी संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदललं असेल तर क्लच, गिअरबॉक्स आणि पिस्टनवर आलेला ताण पुन्हा मूळ प्रोग्रॅम टाकल्याने निघून जात नाही. कुणी काम केलं आणि त्यानंतर किती किलोमीटर चालली, हे कळलं नाही तर मी पुढे जातो.

८. हिशोब मांडा

समजा गाडीची किंमत १०० आहे. एक बेअरिंग जाण्याची शक्यता वीसात एक आणि गेल्यास इंजिनाचा खर्च ६०. सरासरी जोखीम निघते ३. बेअरिंग आधीच बदलण्याचा खर्च ८. कागदावर वाटतं, ३ साठी ८ कशाला घालायचे? पण सरासरी वीस गाड्या असणाऱ्याला लागू पडते. तुमच्याकडे एकच गाडी आहे, आणि तिच्यासाठी निकाल शून्य किंवा साठ, मधलं काही नाही. साठ सहज सोसणार असतील तर जोखीम घ्या. सोसणार नसतील तर ८ ही ती भीती घालवण्याची किंमत आहे. त्यात क्लचही बदलायला आला असेल तर गिअरबॉक्स एकदाच उतरतो आणि तेच काम निम्म्या खर्चात होतं.

हळूहळू येणाऱ्या, ऐकू येणाऱ्या बिघाडांना हे गणित लागू करू नका. त्यांचा खर्च थेट किमतीतून वजा करा. मेकॅनिकच्या अहवालातली कामं तीन ढिगांत टाका: आत्ताच करायची, वर्षभरात करायची, आणि फक्त लक्ष ठेवायची. पहिला ढीग पूर्ण आणि दुसरा अर्धा विक्रेत्यासमोर ठेवून भाव मागा. तिसऱ्यावरून घासाघीस करू नका, तिथे माणूस दुखावतो आणि मग बिलांच्या मागच्या गोष्टी सांगायचा थांबतो.

न सांगता येणारा बिघाड, त्यावरचा उपाय केल्याचा पुरावा नाही, तपासणीला मालक तयार नाही: ही तिन्ही एकत्र आली तर भाव कितीही उतरला तरी निघून या.

९. घेतल्यावरचा पहिला महिना

सगळी ऑइलं बदला: इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल. सोबत कूलंट आणि ब्रेक फ्लुइड. ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या पांढऱ्या कागदावर पसरा आणि उजेडात बघा, चमकणारे कण दिसले तर मेकॅनिकला फोन करा. बेल्टची तारीख माहीत नसेल तर बेल्ट बदला. मग पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत दर पेट्रोलला ऑइलची पातळी वहीत लिहा. ती किती खाते हे एकदा कळलं की पुढे कधी खाणं वाढलं, ते तुम्हाला मेकॅनिकच्या आधी कळेल.